तिसऱ्यांदा विचारल्यावर

आमच्या गावात कुणाच्या घरी गेलात आणि घरच्या बाईनं "कॉफी घेणार ना?" असं विचारलं, तर "नको, उगाच कशाला" म्हणायचं असतं. ती पुन्हा विचारते. तुम्ही "छे छे, आत्ताच घेऊन निघालो" म्हणता. ती तिसऱ्यांदा विचारते, तेव्हा कुठे "बरं, केलीच असेल तर अर्धा कप" म्हणायचं, मग तीन कप प्यायचे, वर केक खायचा आणि दारात उभं राहून तासभर गप्पा मारून घरी जायचं. पहिल्याच फटक्यात "हो" म्हणणारा माणूस एक तर शिकागोचा असतो, नाहीतर त्याला आईनं काही वळण लावलेलं नसतं.

या बाबतीत आर्डिस हाउग्रुडचा हात धरणारं आमच्या सबंध मिनेसोटात कुणी नसेल. चर्चच्या जेवणात ताटलीत शेवटची वडी उरली की आम्ही सगळेच ती अर्धी अर्धी करत जातो, कारण शेवटचा घास घेणारा हावरट ठरतो. आर्डिस उरलेल्या चुऱ्याचीसुद्धा अर्धी वाटणी करायची. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलं तिनं, गावातल्या दोन पिढ्या तिच्या हातचं जेवून मोठ्या झाल्या. पण कुणी तिला "आर्डिस, तू जेवलीस का?" असं विचारलं, तर ही बया लाजून लाल व्हायची.

लग्नाचंही तिनं तसंच केलं. वर्लिन हाउग्रुड वीज सहकारी संस्थेत लाइनमन होता. उंच, हडकुळा, डोळ्यांत कायम मिस्कील हसू. त्यानं पहिल्यांदा विचारलं तेव्हा आर्डिस म्हणाली, "नको रे, तुला उगाच त्रास." दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "तुला माझ्यापेक्षा चांगली मिळेल की." दुसरा कुणी असता तर टोपी घालून चालता झाला असता. पण वर्लिन इथलाच. त्या हिवाळ्यात बर्फाच्या वादळानं तिच्या वडिलांच्या गोठ्याकडची तार तुटली, आणि ती जोडायला नेमका वर्लिन आला. खांबाच्या टोकावर चढून त्यानं तिथूनच आरोळी ठोकली, "आर्डिस, तिसऱ्यांदा विचारतोय! हो म्हणाल्याशिवाय तार जोडत नाही!" दूध काढायचं यंत्र बंद पडलेलं, गाई हंबरत होत्या. तिचे वडील गोठ्यातून ओरडले, "अगं हो म्हण बाई, गाईंच्या कासा तटतटल्यात!" अशी ती हो म्हणाली. तेव्हापासून वर्लिनला तिची चावी सापडली ती कायमची. नवा कोट हवाय का, डॉक्टरकडे जायचंय का, रडावंसं वाटतंय का, काहीही असो, तो शांतपणे तीनदा विचारायचा आणि तिसऱ्या उत्तरावर विश्वास ठेवायचा.

मग त्याला कंपवात झाला. आधी हात थरथरायला लागला, मग पावलं जमिनीला चिकटायला लागली, आवाज बसत बसत कुजबुजीवर आला. डोकं मात्र लख्ख होतं. आर्डिसनं त्याला उठवलं, बसवलं, भरवलं, अंघोळ घातली, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला "आमचं छान चाललंय" म्हणून सांगितलं. एकदा भर दुपारी तो न्हाणीघरात पडला. तिला उचलवेना. अग्निशमन दलाची पोरं हाकेच्या अंतरावर होती, पण ही शहाणी त्याच्या अंगावर पांघरूण घालून शेजारी फरशीवर बसून राहिली. का, तर पोरांची जेवायची वेळ आहे, भरल्या ताटावरून कशाला उठवायचं! वर्लिननं तीनदा सांगितलं तेव्हा फोन केला. त्यानंतर डॉक्टरांनीच हात जोडले. म्हणाले, आता घरी शक्य नाही, याला केअर सेंटरमध्येच ठेवावं लागेल.

केअर सेंटर तिच्या घरापासून तीन गल्ल्यांवर. तिथे अंथरुणाला खिळलेल्यांची, हातपाय न चालणाऱ्यांची सगळी शुश्रूषा होते, अगदी शेवटपर्यंत. आर्डिस रोज दुपारी चालत जायची, वर्लिनला स्वतःच्या हातानं भरवायची, गावातल्या बातम्या सांगायची आणि अंधार पडायच्या आत परत यायची. कंपवाताच्या माणसाला भरवणं म्हणजे धीराचं काम. घास गिळला की नाही ते बघून मगच पुढचा चमचा. तिथल्या पोरी चांगल्या होत्या, पण आर्डिसच्या चमच्याला तो जसं तोंड उघडायचा तसं दुसऱ्या कुणाच्याच नाही. तिचा सगळा दिवस त्या एका जेवणाभोवती फिरायचा, आणि त्याचाही.

पण तिथला खर्च म्हणजे डोळे पांढरे व्हायची पाळी. वर्ष-दीड वर्षात सगळी शिल्लक चाटून पुसून साफ झाली असती. सरकारी मदत मागायला काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, ऑफिसात जायचं ठरलं तेव्हा आर्डिसला रात्रभर झोप आली नाही. गावात बोलवा होती की काउंटी आधी घर लिहून घेते, मग गाडी, मग बायकोच्या हातातली अंगठी. नोव्हेंबरातल्या एका सकाळी ती चर्चला घालायचा कोट घालून, हातमोजे मुठीत चुरगाळत ऑफिसात जाऊन बसली. समोर इफ्राह नावाची तरुण मुलगी होती. डोक्याला राखाडी रुमाल, चेहरा हसरा. आईबाप सोमालियातून आलेले, वडील शेजारच्या गावात टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात. पोरगी मात्र इथेच वाढलेली, बोलणं अगदी आमच्यासारखं नाकातलं. त्या बोलण्यानंच सगळा घोटाळा केला, असं माझं मत आहे.

"मिसेस हाउग्रुड, घर तुमचंच राहील," इफ्राह म्हणाली. "तुम्ही त्यात राहताय तोवर त्याला कुणी हात लावत नाही."

"पण लोक म्हणतात की..."

"लोक काय, खूप काही म्हणतात. गाडी पण तुमची. शिलकीतला तुमचा वाटा आपण वेगळा काढतो, तो तुमच्या नावावर राहतो. नवऱ्याला शुश्रूषा लागली म्हणून बायकोनं रस्त्यावर यायचं का? तसं होऊ नये म्हणून तर कायदा आहे."

आर्डिसला एकदम भरून आलं. असा कुणी आपला विचार करून ठेवला असेल, कुठल्या तरी मोठ्या इमारतीत बसून कुणीतरी म्हणालं असेल की "थांबा, त्याच्या बायकोचं काय?", हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिनं नाक पुसलं आणि "फार उपकार झाले हो" असं चारदा म्हणाली. इफ्राह हसली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली.

"तुमचं स्वतःचं उत्पन्न फार कमी दिसतंय. वर्लिन यांच्या पेन्शनमधून दर महिन्याला तुमच्या घरखर्चासाठी काही रक्कम आधी तुम्हाला देता येते. उरेल तेवढंच केअर सेंटरला जातं. तुम्हाला ती हवी आहे का?"

"छे छे," आर्डिस म्हणाली. "माझं काय, एकटीचं भागतं."

इफ्राहनं लिहिलं. आर्डिस थांबली. खिडकीबाहेर बघितलं, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. दुसऱ्यांदा विचारायला माणसाला लागतो तेवढा वेळ तिनं दिला, वर आणखी थोडा दिला. इफ्राहनं पान उलटलं.

"हीटरचा खर्च महिन्याला किती येतो?"

"अगदी किरकोळ," आर्डिस म्हणाली. आता तिला दुसरं काही म्हणताच येईना.

बाहेर येऊन ती गाडीत बसली आणि गाडी चालू न करता बराच वेळ तशीच बसून राहिली. असं कसं? एकदाच? पण मग तिनं स्वतःलाच झापलं. घर वाचवलं त्यांनी तुझं, बये. शिल्लक वाचवली. वर्लिनच्या औषधपाण्याची काळजी मिटवली. एवढं पदरात पडल्यावर आणखी तोंड वर करून मागायचं? आणि पैसे तरी कुणाचे, वर्लिनचेच ना? त्याच्या तोंडचा घास काढून आपण खायचा? तिनं गाडी चालू केली आणि वाटेत चर्चमध्ये थांबून देवाचे आभार मानले. मनापासून मानले, त्यात खोट नव्हती.

हिवाळा मात्र कुणाचे आभार ऐकत नाही. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या नोकरीचं पेन्शन ते केवढं! घराचा कर आला, विमा आला, गॅसचं बिल तर दर महिन्याला वाढतच गेलं. बाजूला काढलेल्या शिलकीला हात लावायला तिचा जीव होईना. ते पैसे म्हणजे दोघांची मातीची सोय, असं तिच्या डोक्यात बसलेलं. तिनं वरच्या खोल्या बंद केल्या. हीटरचा काटा खाली केला, मग आणखी खाली केला. घरात कोट घालून वावरायला लागली. स्वयंपाकघरात सोफा ओढून तिथेच झोपायला लागली. चर्चच्या विक्रीसाठी बायका बटाट्याच्या पोळ्या लाटायला जमल्या की ही सगळ्यांच्या आधी हजर आणि सगळ्यांच्या शेवटी घरी. बायका म्हणाल्या, आर्डिसचा उत्साह बघा! अगं बायांनो, तिथे तवे तापलेले होते, म्हणून!

कुणी म्हणेल, मग जाऊन सांगायचं ना त्या मुलीला. हो, सोपं आहे म्हणायला. आमच्याकडे एकदा "नको" म्हटलेल्या गोष्टीसाठी आपण होऊन परत जायचं म्हणजे भर चौकात कपडे काढण्यासारखं. विचारलं तर ठीक, न विचारता कसं मागणार?

फेब्रुवारीच्या अखेरीला त्यांच्या मुलीचा, रिनेचा, फिनिक्सहून फोन आला.

"आई, तुझा आवाज असा का येतोय? दात वाजतायत का तुझे?"

"नाही गं, आताच बाहेरून आले."

"आई, घर विक आणि इकडे ये. ऊन आहे, खोली रिकामी आहे."

"नको गं, तुला कशाला त्रास."

"त्रास कसला? बाबांना तिथे नीट बघतात, तूच तर सांगतेस."

"बघतात. फारच चांगलं बघतात. पण नको."

"आई, मी मनापासून म्हणतेय. ये ना. घर विकू या?"

झालं की तिसऱ्यांदा! रिने आमच्याच गावात वाढलेली, तिला रीत माहीत. आणि आर्डिसच्या तोंडून सवयीनं गेलं, "बरं, तू एवढं म्हणतेसच तर." फोन ठेवल्यावर तिला कळलं आपण काय बोलून बसलो. पण शब्द गेला होता, आणि हिशेब केला तरी दुसरी वाट दिसत नव्हती. घर विकायचं. म्हणजे वर्लिनला सोडून हजारो मैल लांब उन्हात जाऊन बसायचं. दुपारी त्याच्या तोंडात चमचा कुणाचा? तिनं तो प्रश्न स्वतःला एकदाच विचारला आणि पुन्हा विचारला नाही. घरांचा दलाल सोमवारी येऊन अंगणात पाटी ठोकणार होता. त्याच्या आत वर्लिनला सांगायचं होतं, आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

गुरुवारी ती त्याला भाताची खीर भरवत होती. हनुवटीवरचा ओघळ पुसताना तिची बोटं त्याच्या गालाला लागली.

"हात गार आहेत तुझे," वर्लिन कुजबुजला.

"बाहेर थंडी आहे."

"हातमोजे होते की. येऊन अर्धा तास झाला. अजून गार." दम घेऊन तो म्हणाला, "घरात हीटर केवढ्यावर ठेवलायस?"

"ठीक आहे रे. खा."

"आर्डिस, हीटर केवढ्यावर आहे?"

"अरे खीर गार होतेय, बोलत काय बसलास!"

वर्लिननं तोंड मिटून घेतलं. चमचा ओठांपाशी नेला तरी उघडेना. कंपवातानं चेहरा लाकडासारखा झालेला, त्यावर राग दिसत नाही, हसू दिसत नाही. डोळे तेवढे तिच्यावर रोखलेले. मग एक एक शब्द जुळवत तो म्हणाला, "तिसऱ्यांदा विचारतोय."

मग काय, बांध फुटला. हीटर, बंद खोल्या, सोफा, गॅसचं बिल, दलाल, सोमवार, फिनिक्स, सगळं बाहेर आलं. आर्डिस बोलत होती आणि वाटीतली खीर चमच्यानं ढवळत होती. वर्लिनच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"अख्ख्या काउंटीची घरं गरम राहावीत म्हणून खांबांवर चढलो मी," तो म्हणाला. "वादळात. नाताळच्या दिवशी पण. आणि माझी बायको घरात कोट घालून बसते?"

"असू दे रे. तुझं सगळं नीट चाललंय, हे काय थोडं आहे?"

"काउंटीनं तुझ्यासाठी काहीच नाही दिलं?"

"दिलं की. घर ठेवलं, शिल्लक ठेवली. फार भली माणसं आहेत." आर्डिसनं चमचा वाटीत ठेवला. मग हळूच म्हणाली, "तुझ्या पेन्शनमधून पण हवेत का म्हणून विचारलं होतं तिनं."

"मग?"

"मी नको म्हटलं."

"मग?"

"मग तिनं पान उलटलं."

वर्लिन तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. आर्डिस घाबरली, तिला वाटलं घास अडकला. पण तो हसत होता. चेहरा तसाच लाकडी, आणि खांदे गदागदा हलतायत, डोळ्यांतलं पाणी कानापर्यंत ओघळतंय.

"एकदाच विचारलं?" तो म्हणाला. "अगं वेडे! तुला? एकदाच?"

"हसतोस काय मेल्या," असं म्हणत आर्डिसलाही हसू फुटलं, आणि हसता हसता ती त्याच्या पांघरुणात तोंड खुपसून रडली. त्यानं परिचारिकेला बोलावून इफ्राहला फोन लावायला सांगितला. आर्डिस "नको, तिला कशाला त्रास" म्हणाली, पण त्या दिवशी तिचं "नको" कुणी मोजायलाच तयार नव्हतं.

शुक्रवारी दुपारी इफ्राह आली. केअर सेंटरमध्ये तिच्या कामातली आणखी माणसं होती, तिचं येणं-जाणं होतंच. कागदांची पिशवी मांडीवर घेऊन ती वर्लिनच्या पलंगाशी बसली. वर्लिननं आदल्या दिवसापासून जपून ठेवलेला सगळा आवाज एकवटला.

"त्या दिवशी हिला जे विचारलंस ना, ते पुन्हा विचार."

"मिस्टर हाउग्रुड, त्यांनी नाही म्हणून सांगितलंय. बदल करायचा तर त्यांनीच..."

"पोरी, तू विचार तर."

इफ्राहनं विचारलं. पेन्शनमधून घरखर्चाचा वाटा हवा आहे का?

"नको गं," आर्डिस म्हणाली. मान खाली, हात पर्सच्या पट्ट्यावर. "त्याचेच पैसे आहेत. त्याला लागतील."

"त्यांच्या शुश्रूषेत चमचाभरही फरक पडणार नाही," इफ्राह म्हणाली. "पेन्शन कमी पडली तर वरचे पैसे सरकार भरतं. हा नियम केलाच आहे तुमच्यासारख्यांसाठी. तुम्हाला खरंच नकोय का?"

"गरजवंत पुष्कळ असतील. माझं भागतं."

"पुन्हा," वर्लिन उशीवरून म्हणाला.

इफ्राहनं त्याच्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, तिच्या अंगावरच्या कोटाकडे बघितलं. खोली चांगली उबदार होती आणि बाईनं कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मग त्या पोरीच्या डोक्यात प्रकाश पडला. तिनं पेन बाजूला ठेवलं.

"अरे देवा," ती म्हणाली. "घरी असते ना, तर मी तुमचं 'नको' ऐकूनच घेतलं नसतं. माझ्या आईच्या घरी पाहुण्याच्या 'नको'ला कुणी विचारत नाही, ताट वाढलेलंच असतं. पण ऑफिसात शिकवलंय, एकदा विचारायचं, भरीला घालायचं नाही, सांगतील ते लिहायचं. चार महिने तुम्ही थंडीत काढले. माझं चुकलं."

"तुझं कसलं चुकलं!" आर्डिस कळवळून म्हणाली. "तुझे तर उपकार आहेत आमच्यावर."

"मग मी आता वेगळं विचारते. आमच्यात मोठ्या बाईला एद्दो म्हणतात, म्हणजे आत्या. एद्दो, तुम्हाला तुमच्या घरात राहायचंय का? इथून तीन गल्ल्यांवर? रोज दुपारी यांना भरवायला यायचंय का?"

आर्डिसनं तोंड उघडलं, मिटलं. जन्मभराचं वळण जिभेवर बसलेलं होतं, "बरं, तू म्हणतेसच तर" एवढंच तिला येत होतं. पण या प्रश्नाला अर्ध्या कपाचं उत्तर चालण्यासारखं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "राहायचंय गं. मला इथंच राहायचंय." आणि तिनं कोटाच्या बाहीनं डोळे पुसले.

मग इफ्राहनं खर्च विचारले आणि या वेळी आर्डिसनं खरे आकडे सांगितले, प्रत्येक आकड्यागणिक माफी मागत. "मागच्या महिन्यांचं मी वर विचारून बघते, शब्द देत नाही," इफ्राह म्हणाली. "पण इथून पुढचं नक्की. आता लवकरच कोट काढाल तुम्ही."

काम झालं तशी आर्डिसनं पर्समधून डबा काढला. लोणी-साखर लावून गुंडाळी केलेल्या बटाट्याच्या पोळ्या, वर्लिनसाठी मऊसूत केलेल्या. "घे पोरी."

"नको, थँक्यू."

आर्डिसला बरंच वाटलं. मुलीला वळण आहे. "अगं घे, एक तर घे."

"नाही हो, खरंच नको."

"अर्धी?"

"नको, एद्दो."

आता मात्र आर्डिस गोंधळली. तीन झाले होते. तिनं वर्लिनकडे बघितलं, त्याच्याही अनुभवात असं काही नव्हतं. इफ्राह हसायला लागली. "माझा रोजा आहे. रमजान चालू आहे ना. सूर्य मावळेपर्यंत पाणीसुद्धा नाही."

"म्हणजे तुझं नको म्हणजे खरंच नको?" आर्डिसनं विचारलं. असंही असतं, याचं तिला भारी नवल वाटलं. मग तिनं सगळ्या पोळ्या रुमालात बांधून इफ्राहच्या पिशवीत कोंबल्या. सूर्य काय, साडेसहाला मावळतोच. ऑफिसच्या नियमात भेटवस्तू बसत नाही, असं इफ्राह म्हणून बघत होती. "भेट कसली, उरलंसुरलं आहे," आर्डिस म्हणाली. वर्लिनच्या ताटलीत तेव्हा एकच पोळी राहिली होती.

त्या संध्याकाळी तिनं आधी दलालाला फोन केला, मग रिनेला. रिने रडली. म्हणाली, "आई, मला आधी का नाही सांगितलंस?" आर्डिस म्हणाली, "तू हीटरचं विचारलं नाहीस गं, घराचं विचारलंस." मग तिनं हीटरचा काटा वर केला. भिंतींतून खुडबुड करत ऊब वर यायला लागली. तिनं कोट काढला आणि बऱ्याच दिवसांनी खुंटीला लावला. मग आठवेल त्या प्रत्येकाचे तिनं नाव घेऊन आभार मानले. ज्यांची नावं माहीत नव्हती, कायदा करताना "त्याच्या बायकोचं काय?" असं ज्यांनी विचारलं असेल, त्यांचेही मानले.

मार्च संपता संपता, रस्त्याकडेचा बर्फ काळा पडून वितळत असताना, इफ्राह पुन्हा केअर सेंटरमध्ये आली. नवे कपडे, हातावर मेंदी, हातात मोठा डबा. ईदचा फराळ होता, आईनं पाठवलेला. सामोसे, आणि तुपात चमकणारा वेलचीचा हलवा. आर्डिस वर्लिनला नुकतंच जेवू घालून बसली होती.

"एद्दो, हलवा घेणार?"

"हो," आर्डिस म्हणाली. "दे. मोठा दे."

चादर बदलणारी पोरगी जागच्या जागी थांबली. आमच्याच गावातली ती, तिला वाटलं आपल्या कानात बिघाड झालाय. आर्डिसनं हलवा खाल्ला, बोटं चाटली, आणि इफ्राहला सांगितलं की असं काही तिनं जन्मात खाल्लं नव्हतं, आईला सांग. एक चिमूट बोटानं मऊ करून वर्लिनच्या जिभेवर ठेवली. तो कितीतरी वेळ ती चघळत राहिला.

इफ्राह दुसऱ्या खोलीत गेल्यावर वर्लिन म्हणाला, "मला खांबावर चढायला लावलंस. आणि हिला एकदाच?"

"तुझ्याकडे तेव्हा हलवा होता का?"

त्याचे खांदे हलले. थरथरता हात पांघरुणावरून सरकत सरकत आला, तिचा हात चाचपून त्यानं धरला. "गरम आहे," तो म्हणाला. नुसता बसून राहिला, तिचा हात धरून, डोळे मिटून, अगदी समाधानानं. खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं. आर्डिसला एकदम काहीतरी आठवलं.

"वर्लिन," ती म्हणाली, "तेव्हा खांबावरून विचारलंस, तेव्हाही मी नको म्हटलं असतं तर?"

त्यानं डोळे उघडले नाहीत.

"चौथ्यांदा विचारलं असतं," तो म्हणाला.